टोपाखालची होडी

आमच्या किनाऱ्यावर ॲल्युमिनियमच्या टोपाचे दोन उपयोग आहेत. एक, होडीवर खलाशांचा भात शिजवणं. दुसरा, सिल्वियाबायला फसवणं.

सिल्वियाबाय म्हणजे मी. मालवणच्या जेटीजवळ मच्छीमारांची एक सहकारी संस्था आहे, तिचे संगणक मी सांभाळत होते. यंदा निवृत्त झाले. दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, मी आयुष्यभर काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी वाचल्या, त्यात वाचकांना काय मजा? ते म्हणाले, तुम्ही त्या ओळींबद्दलच लिहा. म्हणून लिहिते आहे. कंटाळा आला तर दोष त्यांचा.

आधी धंदा समजावून सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. कुठलाही संगणक काम करत असताना आपण काय केलं ते एका फाईलीत लिहीत जातो. अमक्याने दार ठोठावलं, उघडलं. तमक्याने ठोठावलं, उघडलं नाही. घटना घडली की एक ओळ. अशा ओळी रात्रंदिवस साठत जातात आणि फाईल इतकी लांब होते की वरून वाचायला बसलं तर माणूस म्हातारा होईल. पण वरून वाचायची गरजच नसते. आज काय बिघडलं ते नेहमी तळाशी असतं. म्हणून 'टेल' नावाची एक आज्ञा आहे. टेल म्हणजे शेपूट. ती टंकायची, पुढे फाईलीचं नाव द्यायचं, की फाईलीच्या शेवटच्या काही ओळी समोर येतात. मध्ये एक 'एफ' अक्षर जोडलं की आज्ञा तिथेच ठाण मांडून बसते, आणि फाईलीत नवी ओळ पडली की लगेच पडद्यावर दाखवते.

माझी आई मालवणातल्या शाळेत शिक्षिका होती. वह्या तपासायला घेतल्या की ती प्रत्येक वही उलटी धरायची आणि शेवटचं पान आधी बघायची. म्हणायची, पहिलं पान सगळीच पोरं सुबक लिहितात, पोर खरं कसं आहे ते शेवटच्या पानावर कळतं. मी तिचाच धंदा पुढे चालवला म्हणायचा.

पण खरी गंमत एका फाईलीत नाही. टेलला एकाच वेळी चार-सहा फायली देता येतात. मग सगळ्यांची टोकं एकाच पडद्यावर येतात. ज्या फाईलीत नवी ओळ पडेल तिचं नाव दोन्ही बाजूंना बाण लावून वर येतं आणि खाली ती ओळ. पुढची ओळ दुसऱ्या फाईलीतली असेल तर पुन्हा नवं नाव. एकटी फाईल आपल्यापुरतंच सांगते. चार फायली एकत्र बघितल्या की कोणामागून कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, ते कळतं. या नोकरीत मी जी काही अक्कल दाखवली ती एवढीच.

देवबागच्या दाजींची गोष्ट सांगते. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वाळूच्या पट्टीवर दाजींचा दोन खोल्यांचा होमस्टे. संस्थेने मच्छीमारांच्या घरांतल्या खोल्या इंटरनेटवर लावून द्यायला सुरुवात केली तेव्हा दाजींनी मोठ्या हौसेने नाव घातलं. आठवड्याभरात दाजी माझ्या टेबलासमोर.

"बाय, तुमच्या मशिनात खोट आसा. गिरायका येणत नाय. माझ्या भावाकडे खोली रिकामी नाय आणि माझ्याकडे कुत्रो फिराणा नाय."

मी दोन फायली लावल्या. एकीत कोण पान बघतंय त्याची नोंद, दुसरीत कुठली खोली कोणी अडवली त्याची. आमच्या व्यवस्थेत गिऱ्हाइकाने खोली निवडली की पैसे भरेपर्यंत ती थोडा वेळ अडवून ठेवली जात असे. दाजी शेजारी बसून आपलं दुःख सांगत होते आणि मी ओळी बघत होते. पहिल्या फाईलीत देवबागहून कोणीतरी आलं, लगेच दुसरीत दाजींच्या दोन्ही खोल्या अडल्या. पुण्याहून कोणी आलं, त्याला 'खोली शिल्लक नाही' दिसलं, गेलं. थोड्या वेळाने पुन्हा देवबाग, पुन्हा खोल्या अडल्या. मी विचारलं, दाजी, घरी तुमचा फोन कोणाकडे आहे?

"फोन माझ्याकडेच. आणि दुसरो बायलेकडे ठेवलंय. तिका सांगलंय, अधूनमधून खोली मिळता काय ता बघी रव."

दाजींची बायको बिचारी आज्ञाधारक. दिवसभर स्वतःच्याच खोल्या अडवत होती. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, "मगे चालता तर बरा तुमचा मशीन!" आणि जाताना मलाच उपदेश केला, की बाईमाणसाच्या हातात फोन देऊ नये. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढच्या खेपेला ते तिरफळं घालून केलेला बांगडा घेऊन आले. त्यांच्या बायकोने पाठवला होता, हे सांगायला नको.

आता टोपाकडे येते.

होड्यांवर जागा सांगणारं एक लहानसं यंत्र बसवायची योजना संस्थेने आणली. होडी कुठे आहे ते यंत्र ठरावीक वेळाने हवेतून सांगतं. ते ऐकायला किनाऱ्यावर चार ठिकाणी उंच खांब उभे केले. त्यांतला एक मालवणला, एक देवबागला, आणि दक्षिणेला अगदी रेडीच्या टेकाडावर एक. प्रत्येक खांबाची एक फाईल. वादळात होडी हरवली तर शोधायला उपयोग, असं आम्ही जेटीवर समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीही यंत्र घेतलं नाही.

कारण साधं होतं. मासे मिळायची जागा. इथे प्रत्येक तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, एखादा तरी 'जागो' असतो. पाण्याखाली खडक असतो, त्यापाशी मासळी येऊन थांबते. तो बापाने मुलाच्या कानात सांगायचा. बायकोलाही सांगायचा नाही. आणि इथे एक बाई म्हणत होती की तुमची होडी कुठे उभी आहे ते मला संगणकावर दिसेल.

शेवटी बर्फाच्या पेटीवर हात ठेवून मी सगळ्यांसमोर शब्द दिला. कुठली होडी कुठे जाते ते मी एकटी बघेन आणि एकाची वाट दुसऱ्याला कधीही सांगणार नाही. माझ्या आईने त्यातल्या बऱ्याच जणांचे कान पिळले होते. त्या पुण्याईवर यंत्रं बसली.

यंत्र घेणाऱ्यांत बाबल तांडेल होता. 'आयेचो आशीर्वाद' त्याची होडी. बाबल म्हणजे बोलायला फणसासारखा, वरून सगळे काटे. पण त्याच्यासारखे सरंगे, म्हणजे पापलेट, जेटीवर कोणी उतरवत नसे. त्याच्या बापाने दिलेला जागो होताच तसा. कुठे ते विचारू नका. मला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही.

पण बाबलच्या ओळी विचित्र येत. पहाटे निघाला की देवबागच्या फाईलीत व्यवस्थित ओळी. मग एकदम बंद. दुपारी परतताना अचानक साठलेल्या सगळ्या ओळी एका दमात पडद्यावर कोसळत. यंत्राला खांबाकडून पोच मिळाली नाही तर ते ओळी पोटात ठेवून घेतं आणि वाट मोकळी झाली की ओकून टाकतं, त्याचा हा परिणाम. मी बाबलला विचारलं, यंत्र बिघडलंय का रे?

"नाय गो बाय. एकदम बरा आसा."

मला राहवेना. जेटीवर गेले. होडीच्या टपावर यंत्र होतं आणि त्याच्या बाजूला भाताचा टोप पालथा घातलेला, तळाशी भात चिकटलेला, वर ठेवायला एक गुळगुळीत धोंडा. जागा जवळ आली की यंत्रावर टोप घालायचा. सिल्वियाबाय आंधळी. मासे पकडून झाले की टोप काढायचा, भात शिजवायचा, घरी यायचं. साठलेल्या ओळींतून बाईला नंतर सगळं कळतं हे त्याच्या गावीही नव्हतं.  तो बिचारा इतक्या मनापासून लपवत होता की सांगायला जीव झाला नाही. पुढे बघता बघता सगळ्या होड्यांवर टोप आले.

बाबलच्या जाग्यावर सगळ्यांचा डोळा, पण सगळ्यात जास्त सांतानचा. सांतान आमच्याच चर्चमधला. तोही तांडेल, शांत, कमी बोलणारा. एकदा तो बाबलच्या मागावर निघाला. बाबलने ओळखलं. मग त्या दिवशी सकाळभर दोन होड्या समुद्रात एकमेकींभोवती गोल फिरत राहिल्या, ना याने जाळं टाकलं ना त्याने. मी इथे पडद्यावर ते आकडे बघत हसत बसले होते. संध्याकाळी जेटीवर दोघांचं असं भांडण झालं की तेव्हापासून बोलणं बंद. बाबल म्हणायचा, "सांतान? खंयचो सांतान? माका म्हायत नाय." दोघांची घरं एकमेकांना लागून.

ती दुपार पाऊस संपल्यानंतरची. सकाळी समुद्र तेलासारखा होता आणि जेवणवेळेला उत्तरेचा वारा एकदम सुटला. होड्या भराभर परत आल्या. बाबलची आली नाही.

त्याची बायको सुलभा बाजारात मासळी विकते. तिचा आवाज एरवी मच्छीबाजारातून थेट एसटी स्टँडवर ऐकू जातो. ती माझ्या दारात आली तेव्हा आवाज नव्हता. हातावर खवले तसेच.

"बाये, आमची होडी खंय आसा गो?"

मी चार खांबांच्या चार फायली लावल्या. देवबागच्या फाईलीत बाबलची शेवटची ओळ सकाळची. नंतर काही नाही. इतर होड्यांच्या ओळी येत होत्या, नावं बदलत होती, मालवण, देवबाग, मालवण. बाबल गप्प. मोबाईल लागत नव्हता. वायरलेसवर हाका मारल्या, उत्तर नाही. सरकारी गस्तीच्या बोटीला कळवलं, ती दूर उत्तरेला होती, निघाली.

सुलभा पडद्याकडे बघत होती. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण ओळ येत नाही हे कळत होतं. मी मनात दोनच गोष्टी घोळवत होते. होडी टोपाखाली आहे, की पाण्याखाली?

तेव्हा मला केराची आठवण झाली. खांबाला एखादी ओळ तुटकी ऐकू आली तर संगणक ती खऱ्या फाईलीत घेत नाही. नाकारलेल्या ओळींच्या वेगळ्या फाईलीत टाकतो. आम्ही तिला केर म्हणत असू. प्रत्येक खांबाचा आपापला केर. त्यात इतका कचरा असतो की कोणी बघत नाही. मी चालू आज्ञा थांबवली आणि पुन्हा टंकली, या वेळी चार फायलींच्या जोडीला केराच्या चार.

पडदा भरून वाहू लागला. मी बाण लावलेली नावं बघत राहिले. देवबागचा केर, मालवणचा केर, अर्थ नसलेली अक्षरं. मग रेडीच्या केरात एक अर्धी ओळ. होडीचा नंबर, पुढे काही नाही. जागेचे आकडे यायच्या आत तुटलेली.  यंत्राची बोलायची वेळ पुन्हा झाली तशी पुन्हा रेडीच्या केरात तेवढाच तुकडा. तोच नंबर. बाबलचा.

"आसा," मी सुलभाला म्हटलं. "आसा गो. टोपाखाली आसा. होडी पाण्यावर आसा."

 तिने माझा दंड धरला, "खंय?"

तेच तर कळत नव्हतं. देवबागच्या केरात तो अजिबात नव्हता आणि रेडीला पुसटसा ऐकू येत होता. म्हणजे इंजिन बंद पडून होडी वाऱ्याबरोबर दक्षिणेला वाहत चालली होती. इंजिनाबरोबर वायरलेसही गेला असणार. यंत्राची बॅटरी स्वतंत्र असते, म्हणून ते तेवढं बोलत होतं, टोपातल्या टोपात. आणि इंजिनाशी झटापट करताना टोप काढायचं कोणाच्या ध्यानात नव्हतं.

दारात होडीवाले जमले होते. मागे सांतान उभा होता. त्याने आपली मासळी उतरवलीसुद्धा नव्हती. तो पुढे आला आणि अगदी हळू म्हणाला,

"बाय, वारो खंय नेता ता माका कळता. पण होडी सुटली खयसून, ता कळाक व्हया."

म्हणजे जागो सांगा.  ज्या जाग्यासाठी हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते तो जागो सांतान मागत होता, आणि जवळच्या सगळ्या होड्यांना शोधायला लावायचं तर मला तो वायरलेसवर, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा सांगावा लागणार होता. बर्फाच्या पेटीवर ठेवलेला माझा हात मला आठवला. जीव महत्त्वाचा हे मलाही कळत होतं. पण तो जागो त्या घराचा होता. त्यावर दोन पोरं शिकत होती. मी सुलभाकडे बघितलं.

तिने एक क्षणही घेतला नाही. "सांग, बाये. घोव रवलो तर जागे गावतले." नवरा राहिला तर जागे मिळतील.

मी वायरलेस उचलला आणि आकडे सांगितले. एकदा, आणि नीट ऐकू जावे म्हणून पुन्हा एकदा. सांतान पुरते ऐकायलाही थांबला नाही, जेटीकडे पळत सुटला. खिडकीतून मला त्याची होडी वळताना दिसली. त्याच्या मागोमाग आणखी होड्या.

त्यानंतर बसून राहण्याशिवाय काम नव्हतं. सुलभा माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि पुटपुटत देवाला गाऱ्हाणं घालत होती. आमच्याकडे गाऱ्हाणं एकाने घालायचं असतं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा असतो. तिथे बाकीचं कोणीच उरलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, माझ्या घोवाची होडी काठाक लाव रे म्हाराजा!"

मी पडद्यावरची नजर न हलवता म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"होडयेवरच्या सगळ्यांक सुखरूप हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

रविवारी न चुकता चर्चला जाणारी मी, पण त्या दुपारी मी प्रत्येक मागण्याला होकार भरला आणि मनापासून भरला. रेडीच्या केरात अर्धी ओळ पडत होती. पडली की मी सुलभाचा हात दाबत होते.

मग एकाएकी पडदा धावायला लागला. वर 'रेडी' हे नाव आलं, केर नव्हे, खरी फाईल, आणि तिच्याखाली ओळींमागून ओळी. सकाळपासून साठलेल्या सगळ्या. अख्ख्या, आकड्यांसकट. मी ओरडले, "टोप काढल्यानी! सुलभा, टोप काढल्यानी गो!"

मी हसत तिच्याकडे वळले. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"टोप कित्याक काढल्यानी?" ती म्हणाली. "पाणी उपसूक काढल्यानी."

ते माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. होडीत दुसरं मोठं भांडं नव्हतं. मी शेवटची ओळ वाचली आणि वायरलेसवर सांतानला आकडे सांगितले. तो जाग्यापासून वाऱ्याच्या वाटेने निघाला होताच. पलीकडून फक्त एवढंच आलं, "दिसता माका, बाय. दिसता."

नुसत्या शेवटच्या आकड्यांवर तो इथून निघाला असता तर पोहोचेपर्यंत टोप पुरला नसता. हे मी नाही, बाबलच्या खलाशांनी नंतर सांगितलं.

सूर्य बुडायच्या सुमाराला सांतानने 'आयेचो आशीर्वाद' दोर बांधून ओढत आणली. सगळे खलाशी धडधाकट. बाबल उतरला, हातात टोप अजून तसाच. सुलभाने त्याला जेटीवर सगळ्यांदेखत दोन रट्टे हाणले आणि मग त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली. मी पुढे गेले. तोवर कोणीतरी त्याला सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला,

"बाय, माझो जागो सांगलास?"

एवढंच बोलला आणि चालू लागला. मला रडू आलं आणि रागही आला. मेल्या, मी तुझा जीव सांगितला, असं म्हणायचं होतं. पण त्याच्या बापाने कानात दिलेली गोष्ट मी भर बाजारात ओतली होती, हेही खरंच होतं. घरी येऊन मी जेवले नाही.

संस्थेने नियम केला, यापुढे यंत्रावर टोप नाही. टोप दिसला तर मी कळवायचं. बाबलने सगळ्यांसमोर कबूल केलं. आता त्याला लपवायचं तरी काय होतं?

त्यानंतर तो कधीच तिकडे गेला नाही. उत्तरेला जायचा, कसलीतरी बारीक मासळी घेऊन यायचा. सुलभाच्या टोपलीतून सरंगे गेले, बाजारातला आवाज बसला. बाबल चहाच्या टपरीवर बसून म्हणायचा, माझा जागो लुटला, सगळ्यांनी मिळून खाल्ला, उपकार केले म्हणून तोंड उघडता येत नाही.

आणि मी पडद्यासमोर बसून वेगळंच बघत होते. त्या जाग्यावर कोणी जात नव्हतं. मी केरासकट सगळ्या फायली लावून बघत होते, टोपाखालून गेला तरी सुटणार नाही अशा. एकही होडी नाही. एका सकाळी सांतानची होडी नीट त्याच दिशेला निघाली. ओळीमागून ओळ, आकडे जवळ जवळ येत चालले.  मनात म्हटलं, सांतान, तू तरी नको रे. आणि अगदी जवळ आल्यावर आकडे वळले. त्याने जाग्याला भला मोठा वळसा घातला आणि पुढे निघून गेला. परतताना पुन्हा तोच वळसा. डिझेल जाळून. त्यानंतर बघितलं तर सगळ्याच होड्या तिथून तशा वळत होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. जेटीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

हे बाबलला सांगण्यासाठी माझी जीभ किती वळवळली! पण कोणाची होडी कुठून जाते ते दुसऱ्याला सांगणार नाही, हा शब्द सांतानलाही दिला होता. एकदा मोडला तो जीव वाचवायला. आता कोणाचा जीव जात नव्हता. फक्त एक माणूस आतून झिजत होता आणि त्याला नियमात कुठे जागा नव्हती.

माझ्या निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना बाबल ऑफिसात आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"बाय, तां यंत्र काढून घ्या. आता लपवूचा काय रवला?"

"काढते," मी म्हटलं. "पण आधी एकदा जाग्यावर जाऊन ये. मग काढते."

"कशाक? लोकांची जाळी बघूक?"

"बाबल, मी तुला जा म्हणते आहे."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तांडेलाची जात, ढग बघून वारा सांगणारी. मी नजर पडद्याकडे वळवली, पण उशीर झाला असावा. तो उठला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "सांतानची होडी आज खंय आसा?"

"ते मी सांगत नाही, तुला माहीत आहे."

तो हसला. कितीतरी दिवसांनी त्याचे पान खाल्लेले दात दिसले.

आता नव्या मुली आल्या आहेत. त्यांच्याकडे नकाशा आहे, त्यावर हिरवे ठिपके फिरतात आणि काही बिघडलं तर ठिपका आपणहून लाल होतो. छान आहे. पण नकाशावर केर दिसत नाही, आणि तो दाखवा असं मी सांगितलं तर मुली हसतात. त्याचं मला वाईट वाटतं.

बाबल येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर ऑफिसला गेले आणि आठही फायली लावल्या. देवबागच्या फाईलीत बाबल. दक्षिणेकडे. ओळ, पुन्हा ओळ. आकडे माझ्या पाठ असलेल्या आकड्यांकडे सरकत होते. जाग्याजवळ पोहोचला. आता तिथे काही नाही हे त्याला दिसेल. जाळी नाहीत, होड्या नाहीत, नुसतं पाणी. पुढच्या ओळीची वाट बघत बसले. आली नाही. त्याच्या पुढचीही नाही. एवढ्यात फोन वाजला. बाजारातून सुलभा. मागे कोयत्यांचा आवाज.

"बाये, सकाळीच गेलो, काय सांगल्यान नाय माका. खंय आसा गो?"

तेवढ्यात देवबागच्या केरात एक अर्धी ओळ पडली. नंबर, पुढे काही नाही.

नियमाप्रमाणे मी ते कळवायला हवं होतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "टोपाखाली आसा."

 पलीकडून अख्ख्या मच्छीबाजाराला ऐकू जाईल अशा जुन्या आवाजात सुलभा ओरडली, "व्हय म्हाराजा!"